शेरा

खडकाला शंभरपैकी मार्क देतात हे मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. माझी डिग्री कॉम्प्युटरची. अग्निजन्य, गाळाचा आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार शाळेच्या भूगोलात पाठ केले होते, तेवढंच माझं भूशास्त्र. त्यामुळे आरएमआर, म्हणजे 'रॉक मास रेटिंग', हे प्रकरण कामानिमित्त समोर आलं तेव्हा मी त्याच्याकडे खडक म्हणून पाहिलंच नाही. मला तो सरळसाधा, सुबक कोड वाटला.

आणि तो आहेच तसा. बिनियाव्स्की नावाच्या इंजिनिअरानं १९७३ साली दक्षिण आफ्रिकेत ही पद्धत मांडली आणि १९८९पर्यंत तो स्वतःच ती सुधारत राहिला. मूळ गरज बोगद्यांची होती. डोंगरात आडवं भोक पाडायचं आहे, छत किती वेळ टिकेल, किती आधार द्यावा लागेल, हे दरवेळी एखाद्या अनुभवी माणसाच्या मर्जीवर सोडायचं नव्हतं. मग त्यानं पाच विषय ठरवले. दगडाची दाबाखालची ताकद, १५ मार्क. आरक्यूडी, २० मार्क. भेगांमधलं अंतर, २० मार्क. भेगांची अवस्था, म्हणजे त्या खरखरीत की गुळगुळीत, बंद की उघड्या, आत माती आहे का, ३० मार्क. पाणी, १५ मार्क. एकूण शंभर. प्रत्येक विषयाचा एक तक्ता असतो. मोजा, तक्त्यात बघा, बेरीज करा. ऐंशीच्या वर अत्युत्तम, विसाच्या आत नापासच.

यातलं आरक्यूडी जरा सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. जमिनीत पोकळ नळीनं भोक पाडतात तेव्हा आतून दगडाची लांब कांडी बाहेर येते. ती क्वचितच अखंड असते. १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे बाजूला काढायचे, त्यांच्या लांबीची बेरीज करायची आणि एकूण खोदलेल्या लांबीशी तिचं टक्केवारीत प्रमाण काढायचं. डॉन डीअर या अमेरिकन इंजिनिअरानं साठच्या दशकात हे सुचवलं. एवढी सोपी कल्पना इतकी वर्षं टिकते, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

बोगद्याचं ठीक होतं. उतारांसाठी, म्हणजे रस्त्याकडेच्या कापलेल्या डोंगराच्या भिंतींसाठी, बिनियाव्स्कीच्या तक्त्यात एक ओळ होती: भेगांची दिशा 'अत्यंत प्रतिकूल' असेल तर ६० मार्क वजा करा. शंभरातले साठ! आणि प्रतिकूल कशाला म्हणायचं, ते लिहिलेलं नाही. स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या मान्वेल रोमाना यांनी १९८५ साली ही जागा भरून काढली. त्यांनी तीन गुणक दिले. भेगेची दिशा आणि उताराची दिशा किती जुळतात, हा पहिला. भेग किती तिरपी आहे, हा दुसरा. भेगेचा कल आणि उताराचा कल यांचं नातं, हा तिसरा. तिघांचा गुणाकार करायचा, तो ऋण येतो, तो आरएमआरमध्ये मिळवायचा. शिवाय भिंत कशी कापली त्याचे मार्क: नैसर्गिक उताराला १५ जास्त, बेशिस्त सुरुंगांना ८ कमी. हा झाला एसएमआर, 'स्लोप मास रेटिंग'. आपल्याकडच्या भारतीय मानकातही, आयएस १३३६५च्या तिसऱ्या भागात, हीच पद्धत बसवलेली आहे.

आमच्या कंपनीकडे काम आलं ते असं: एका घाटरस्त्यावरच्या कापलेल्या उतारांची पाहणी होणार, पाहणीला जाणाऱ्यांच्या हातात टॅबलेट असणार, त्यावर फॉर्म. तक्त्यातले पर्याय ड्रॉपडाउनमध्ये. भरला की मागे एसएमआर निघणार. सगळ्या ठिकाणांची यादी चढत्या क्रमानं लागणार, सर्वांत कमी मार्क सर्वांत वर. जाळ्या आणि खिळेबंदीचे पैसे वरून खाली जाणार, संपतील तिथे रेघ. फॉर्मच्या तळाशी एक चौकोन होता, 'शेरा'. दोनशे अक्षरं. ऐच्छिक. हिशेबात धरायचा नाही.

शेऱ्याच्या रकान्यांबद्दल माझं धंद्यातलं मत चांगलं नाही. डेटाबेसातला तो माळा आहे. जे कुठे ठेवायचं कळत नाही ते तिथे जातं आणि पुन्हा कुणी वर चढत नाही. पण चाचणीसाठी आलेल्या पहिल्या फायली उघडल्या तेव्हा लक्षात आलं की हा माळा ओसंडून वाहत होता. पाहणी करणाऱ्या भूशास्त्रज्ञ मॅडमनी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दोनशेच्या दोनशे अक्षरं वापरली होती, आणि अक्षरं संपली की पुढचं वाक्य फोटोच्या नावात घातलं होतं. एक शेरा मी वहीत उतरवून घेतला:

"खालचा बोलचा थर २ फूट आत गेलाय. वरचे खांब अधांतरी. खाली एसटीचा थांबा. पावसाआधी बघणे."

या ठिकाणाचा एसएमआर होता ६२. वर्ग दुसरा. 'चांगला, स्थिर, क्वचित सुटे दगड'. यादीत तो कुठेतरी खाली, रेघेच्या बराच पलीकडे.

माझी पहिली शंका अर्थातच कोडवर. मी हातानं बेरीज केली. दगड कठीण काळा बेसॉल्ट, ताकद १५० मेगापास्कल, १२ मार्क. जवळच्या जुन्या बोअरमधला आरक्यूडी ९५, त्याचे पूर्ण २०. भेगांमधलं अंतर मीटरभर, १५. भेगा किंचित खरखरीत, बंद, २५. पाणी नाही, १५. झाले ८७. भेगा जवळपास उभ्या, भिंतीला समांतर. अशा भेगांनी खडक घसरत नाही, खांब पुढे कलंडतो. कलंडण्यासाठी रोमानांच्या तक्त्यात जास्तीत जास्त वजाबाकी २५ची. सुरुंग नेहमीचे, शून्य. ८७ वजा २५, ६२. प्रत्येक आकडा बरोबर, प्रत्येक पायरी तक्त्याप्रमाणे. माझ्या कामात हा सर्वांत वाईट प्रकारचा बग असतो, ज्यात कुठलीच ओळ चुकलेली नसते.

मे महिन्यात मॅडमबरोबर मी दोन दिवस घाटात गेले. "तुला तो तक्ता पाठ आहे ना, मग आता दगड बघ," असं त्या म्हणाल्या होत्या.

दख्खनचा खडक कसा झाला ते थोडक्यात सांगायचं तर थरांनी. साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास लाव्हा पसरला, थंड झाला, मग पुढचा लाव्हा त्याच्यावर. असे कितीतरी. आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भाग त्याखाली आहे. एका प्रवाहाचा मधला भाग घट्ट, काळा, आणि थंड होताना आकसल्यामुळे उभ्या भेगांनी चिरलेला. कधीकधी त्याचे अगदी पाच-सहा बाजूंचे खांब होतात. प्रवाहाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्या पोकळ्या नंतर पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरतात. विहिरी खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. यात भेगा जवळजवळ नसतात, पण दगड त्यामानानं मऊ. आणि दोन प्रवाहांच्या मध्ये, जिथे बराच काळ लाव्हा आला नाही तिथे, तांबडा मातकट थर. पुस्तकात त्याला रेड बोल म्हणतात, घाटातली माणसं गेरू म्हणतात. कधी वीतभर, कधी पुरुषभर. झाकलेला असेपर्यंत तो बऱ्यापैकी टणक असतो. उघडा पडला, भिजला, सुकला, पुन्हा भिजला, की भुगा.

म्हणजे एसटी थांब्यामागच्या त्या भिंतीत वर कठीण काळ्या दगडाचे खांब होते आणि त्यांच्या पायाखाली अर्धा मीटर गेरू. दर पावसाळ्यात गेरू थोडा झडतो, थोडा आत जातो. वरच्या खांबाचा पाया तेवढा अधांतरी होतो. मॅडमनी हातातली काठी त्या खाचेत घातली. दोन फूट आत गेली.

आता हे तक्त्यात कुठे बसतं? मी तिथेच उन्हात उभी राहून शोधत होते. बसत नाही. एक तर बोअरचा आरक्यूडी. बोअर उभं खणलं होतं, भेगाही उभ्या. उभी नळी दोन उभ्या भेगांच्या मधून निघून जाते आणि अखंड कांडी वर येते. भेगा जितक्या सरळ उभ्या, आरक्यूडी तितका चांगला! हे काही मॅडमना नव्यानं सापडलेलं नाही. रूथ टर्झाघी या भूशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ सालीच लिहून ठेवलं आहे की मोजणीची रेघ भेगांना समांतर असेल तर भेगा मोजणीतून निसटतात, आणि त्यावर दुरुस्तीही दिली आहे. पण फॉर्ममध्ये आरक्यूडीचा रकाना होता, बोअरच्या दिशेचा नव्हता.

दुसरं म्हणजे सरासरी. हॉटेलात परत आल्यावर मी गेरूला वेगळे मार्क देऊन पाहिले. समजा शंभरपैकी २०. पंधरा मीटर उंच भिंतीत साडेचौदा मीटर ८७वाला खडक आणि अर्धा मीटर २०वाला गेरू. जाडीच्या प्रमाणात सरासरी काढली तर ८५च्या किंचित खाली. दोन-सव्वादोन मार्कांचा फरक. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे ही भिंत पडणार आहे, तिची किंमत दोन मार्क. जिन्याची एक पायरी मोडकी असताना बाकीच्या तीस पायऱ्यांची सरासरी सांगण्यासारखं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत उशिरा कळली आणि सगळ्यांत जास्त आवडली. रोमानांचे तीन गुणक मुळात तिरप्या भेगांसाठी आहेत. खडकाचे थर रस्त्याकडे कलले असतील, भिंतीहून कमी तिरपे असतील, तर पत्त्यांच्या कॅटसारखे ते घसरतात. साठ मार्कांची वजाबाकी तिथे लागते. सह्याद्रीतले थर मात्र जवळपास आडवे. थराचा कल पाच अंश असेल तर दुसरा गुणक ०.१५ येतो, त्याहून खाली तो तक्त्यात जातच नाही. म्हणजे साठाचे झाले नऊ. दिशा अगदी नको तशी जुळली, तरी नऊ. हिमालयात किंवा आल्प्समध्ये जो तक्ता चांगले आणि वाईट उतार वेगळे काढतो, तो इथे सगळ्यांनाच पास करतो. आमच्या यादीत वरपासून खालपर्यंत ६०-७०ची गर्दी का होती, हे तेव्हा उलगडलं. घाट एकसारखा नव्हता, पट्टी एकसारखी होती.

आणि पाणी. पाहणी मेमध्ये. भिंती कोरड्याठाक, पूर्ण १५ मार्क. त्याच भिंतीवरून जुलैमध्ये पाणी वाहत असतं, त्याला शून्य. महाबळेश्वरला २०२१च्या जुलैमध्ये एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला होता. पंधरा मार्कांचा फरक केवळ कॅलेंडरचा, आणि फॉर्ममध्ये महिन्याचा रकाना नाही. तारीख आपोआप पडत होती, पण ती कोण वाचतंय?

परत आल्यावर मी वाचत सुटले. मला वाटत होतं की आमचीच अडचण नवीन आहे. तसं काहीच नव्हतं. पद्धत जिथे जिथे गेली तिथे तिथे माणसांनी तिला ठोकून घेतलंय. चीनमध्ये धरणांच्या कामात उंच उतार होते, म्हणून त्यांनी एसएमआरमध्ये उंचीचा गुणक घातला: ८० मीटर ही प्रमाण उंची धरायची, त्याहून उंच उताराचे मार्क कमी. शिवाय भेग मोठ्या भ्रंशाची आहे, थरांमधली आहे की साधी, यावरून वजाबाकीला वेगळं वजन. भारतात रूडकीच्या आर. अनबलगन आणि सहकाऱ्यांनी हिमालयासाठी पाचरीसारख्या तुकड्यांचा विचार त्यात आणला, कारण तिथे दोन भेगा मिळून पाचर सुटते. ग्रीसमध्ये वाळूचा खडक आणि चिकणमातीचा खडक यांचे एकाआड एक थर असतात, फ्लिश म्हणतात त्याला. मारिनोस आणि हुक या दोघांनी २००० सालच्या सुमारास त्याच्यासाठी वेगळा तक्ता केला, आणि गंमत म्हणजे त्यात मोजमापं जवळजवळ नाहीतच. चित्रं आहेत. तुमच्या समोरचा खडक कोणत्या चित्रासारखा दिसतो ते बघा आणि आकडा घ्या. एव्हर्ट हुक हा या क्षेत्रातला मोठा माणूस, आणि त्याच्या जीएसआय पद्धतीचा सगळा रोख हाच की आधी नीट बघा. मॅडमना मी हे उत्साहानं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग मी शेऱ्यात काय करते आहे?"

सगळ्यांत कामाचं सापडलं ते अमेरिकेतल्या ओरेगनचं. तिथल्या महामार्ग खात्यातल्या पिअर्सन यांनी ऐंशीच्या दशकात रस्त्यावर पडणाऱ्या दगडांसाठी एक गुणपद्धत बसवली. तिचे मार्क ३, ९, २७, ८१ असे चढतात, म्हणजे वाईट गोष्ट खरोखर वाईट दिसते, बेरजेत विरघळत नाही. खडकाच्या स्वभावाचे दोन पर्याय असतात. एक, भेगांमुळे पडणारा. दोन, मऊ थर झिजून वरचा कठीण थर अधांतरी राहिल्यामुळे पडणारा. दोन्हींचे मार्क काढायचे आणि जे जास्त धोक्याचे ते धरायचे. सरासरी नाही! ओरेगनच्या मोठ्या भागातही लाव्ह्याचेच थर आहेत, त्यामुळे त्यांना हे दिसलं यात नवल नाही. पण माझ्यासारखीला महत्त्वाची वाटली ती एका फंक्शनची अदलाबदल. अ‍ॅव्हरेजच्या जागी मॅक्स. कोडमध्ये तीन अक्षरं, घाटात एक एसटी थांबा.

त्या पद्धतीत आणखी एक रकाना आहे: इथे पूर्वी किती वेळा दगड पडले? आणि हे रस्ता राखणाऱ्या माणसांना विचारून भरायचं असतं.

इथवर आलं की पुढचं सोपं वाटतं. 'दख्खन एसएमआर' करू. गेरूचा गुणक घालू, आरक्यूडीला बोअरच्या दिशेची दुरुस्ती लावू, पाण्याला पावसाळ्याचा आकडा धरू. माझ्याकडे एका रविवारी तयारही झालं. जुन्या फायलींवर चालवलं तर एसटी थांबा यादीत वरच्या पाचात. मी खूश. मॅडम नाहीत.

त्यांचा पहिला प्रश्न होता: गेरूच्या गुणकाला २० हा आकडा कुठून आला? मी प्रामाणिकपणे म्हटलं, की तुमच्या शेऱ्यांशी क्रम जुळेपर्यंत फिरवला. "म्हणजे माझं मत तू आकड्यात घालून मलाच दाखवतेस," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटलं. पण पुढच्या घाटात मी नसणार."

यावर आमचं बरंच झालं. माझं म्हणणं, मूळ आरएमआर तरी दुसरं काय आहे? भेगांच्या अवस्थेला ३०च का, २८ का नाही? बिनियाव्स्कीनंही आपल्या पाहण्यातल्या बोगद्यांवर आकडे बसवले. ते बोगदे दक्षिण आफ्रिकेतले होते, एवढाच फरक. त्याच्या मताला पन्नास वर्षं झाली म्हणून ते शास्त्र, आणि तुमचं मत शेरा? त्यांचं म्हणणं, त्यानं नोंदी साठवल्या, उघड ठेवल्या, १९८९पर्यंत साडेतीनशे प्रकरणं जमवून पुन्हा तपासलं. आपल्याकडे काय आहे? जे उतार पडले त्यांच्या बातम्या. जे पडले नाहीत, गेरू आत जाऊनही वीस वर्षं उभे आहेत, त्यांची नोंद कुठे? फक्त नापास झालेल्यांचे पेपर बघून पास कोण होतं हे कसं ठरवणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डेटावर काम करणाऱ्या कुणालाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि तरी.

आणखी एक भीती त्यांना होती, ती मला अजूनही पूर्ण पटलेली नाही, पण लिहिते. "नवीन आकडा काढलास की तोही लोक न बघता वापरतील. हा निदान परका आहे, त्याच्यावर संशय तरी येतो. आपल्या नावाचा आला की संशयही जाईल." मला वाटतं परक्या पट्टीवरही कुणी संशय घेत नव्हतं, तो फक्त शेऱ्यात होता. स्थानिक पट्टी चुकली तर दुरुस्त करणारी माणसं निदान जवळ असतील. पण त्या तीस वर्षं खडक बघतायत आणि मी दोन दिवस पाहिलाय, तेव्हा हे जरा जपूनच म्हणते.

शिवाय जी गोष्ट लोकांना 'दरड' म्हटल्यावर आठवते, ती या पट्टीत येतच नाही. ३० जुलै २०१४ला माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २०२१ला तळिये, २०२३ला इर्शाळवाडी. घरी कुणाला मी काम सांगितलं की हीच नावं निघतात: "म्हणजे तुझ्या अ‍ॅपनं माळीण आधी कळलं असतं का?" नाही. तिथे प्रामुख्यानं डोंगरावरची माती, मुरूम आणि झिजलेल्या दगडांचा राडारोडा पाण्यानं भरून खाली आला. तो खडकाचा कडा कोसळलेला नव्हता. तिथे भेगांची दिशा मोजून काय करणार? त्याला मातीची जाडी, उतार, पाणी कुठे मुरतं, वर काय खणलंय, हे लागतं. ती वेगळीच पट्टी. पण आमच्या यादीत काही ठिकाणं अशीही होती, वर दहा फूट मुरूम आणि खाली खडक. फॉर्मनं त्यांच्या खडकाचे मार्क काढले होते. चांगले होते मार्क. मुरमाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. या पट्टीत एक पर्याय हवा होता जो कुठल्याच तक्त्यात नसतो, 'हा प्रश्न इथे लागू नाही'. प्रोग्रॅमिंगमध्ये शून्य आणि 'माहीत नाही' यांत फरक करायला शिकवतात. खडकाच्या तक्त्यात भेगाच नसलेल्या मांजऱ्याला भेगांच्या अवस्थेचे तीसपैकी तीस मिळतात; रिकामा रकाना चालत नव्हता म्हणून भरलेला. मऊ दगडाला ताकदीत चारच मिळाले तरी बेरीज ८९. कठीण काळ्या बेसॉल्टपेक्षा दोन जास्त! तो अनेक ठिकाणी छान उभा राहतोही, हे खरं. पण त्यात फुगणारी माती-खनिजं असतील तर तो दोन-तीन पावसाळ्यांत भिजून-सुकून सुटायला लागतो. त्याची चाचणी आहे: तुकडे जाळीच्या पिंपात घालून पाण्यात दहा मिनिटं, दोनशे फेरे फिरवायचे आणि किती उरलं ते तोलायचं. साधी, स्वस्त चाचणी. आरएमआरच्या पाच विषयांत ती नाही.

शेवटी फॉर्मची दुसरी आवृत्ती झाली ती कुणाच्याच मनासारखी नाही. एसएमआर तसाच ठेवला, मूळ तक्त्याप्रमाणे, कारण मानक तेच मागतं आणि बिलं त्यावरच निघतात. त्याच्या शेजारी दुसरा आकडा, ओरेगनच्या धर्तीवर, ३ ते ८१. त्यात मऊ थराची खाच किती खोल, हे सेंटिमीटरमध्ये मोजून भरायचं. 'मोजलं नाही' हा पर्याय आहे आणि तो निवडला तर ओळ पिवळी होते. दोन आकडे विरुद्ध बोलत असतील तर ते ठिकाण यादीत कुठे लावायचं हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, वेगळ्या पानावर काढून ठेवतं. त्या पानावर सही करणारा माणूस लागतो. हे पान ठेवायला मला सर्वांत जास्त भांडावं लागलं. ग्राहकाच्या बाजूनं आलेला प्रश्न असा होता की सही माणसालाच करायची असेल तर सॉफ्टवेअर कशाला घेतलं. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पहिल्या फेरीत त्या पानावर इतकी ठिकाणं आली की ते उघडायलाच कुणी तयार होईना, मग विरोध किती मोठा असला म्हणजे पान बदलायचं, याचा उंबरठा आम्ही वाढवला. तो उंबरठाही अर्थात आमचाच आकडा.

शेरा आता दोनशेच्या ऐवजी हजार अक्षरांचा आहे.

'पूर्वी किती वेळा दगड पडले' या रकान्यासाठी आम्ही घाटातल्या मैलकुलींकडे गेलो. रस्त्याची निगा राखणारी ही माणसं, चर साफ करतात, पडलेले दगड बाजूला करतात. त्यातल्या एका काकांकडे वही निघाली. सरकारी नव्हे, पोराची जुनी शाळेची, उरलेल्या पानांची. तारीख, किलोमीटर, आणि दगडाचं माप: 'नारळ', 'घमेलं', 'पोतं', 'म्हैस'. मॅडम पानं उलटत गेल्या आणि एका किलोमीटरवर थांबल्या, तिथे तीन पावसाळ्यांत 'नारळ' पाच वेळा आणि 'घमेलं' दोनदा. मी विचारलं, "काका, हे कशासाठी लिहिता?"

"आधी नारळ येतात ना, ताई," ते म्हणाले. "मग मोठं."

वहीचे फोटो काढायला त्यांची ना नव्हती, वही मात्र दिली नाही. नारळ म्हणजे किती सेंटिमीटर, ते मी सोललेला धरून तक्त्यात घातलंय. काका न सोललेला म्हणतात की काय, हे या पावसाळ्यात विचारायचं राहिलंय.